कचऱ्याचा पत्ता कोण ठरवतो? : 'पर्यावरणीय वंशवाद' शिकवणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम

प्रदूषणाचा त्रास गरीब-श्रीमंत, उच्च-नीच सगळ्यांना सारखाच होतो, असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत गेली तीसहून अधिक वर्षे शिकवला जाणारा एक विषय याच समजुतीला प्रश्न विचारतो. शहराचा कचरा कोणाच्या दारात टाकला जातो? ती जागा कोण ठरवतो? आणि ठरवणाऱ्यांच्या बैठकीत कोणाला खुर्ची नसते? बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी हा अभ्यासक्रम समजून घेणे गरजेचे आहे, कारण हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत.

संकल्पना काय आहे?

घातक कचरा, विषारी धूर, दूषित पाणी यांचा भार एखाद्या वंशाच्या लोकांवर इतरांपेक्षा जास्त पडतो आणि निर्णयप्रक्रियेतून त्यांनाच वगळले जाते, तेव्हा त्याला 'पर्यावरणीय वंशवाद' म्हणतात. त्याविरुद्धच्या लढ्याला आणि अभ्यासाला 'पर्यावरणीय न्याय' हे नाव आहे.

या लढ्याची सुरुवात साधारणपणे नॉर्थ कॅरोलिनातील वॉरन काउंटीपासून सांगितली जाते. १९७८ साली त्या राज्यात रस्त्यांच्या कडेने शेकडो किलोमीटर विषारी तेल बेकायदेशीरपणे ओतले गेले. ती माती गाडण्यासाठी सरकारने कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या वॉरन काउंटीतील ॲफ्टनची निवड केली. १९८२ मध्ये मातीचे ट्रक येऊ लागले, तेव्हा लोक रस्त्यावर आडवे झाले. ५०० हून अधिक जणांना अटक झाली. माती तिथेच गाडली गेली, पण देशभर प्रश्न उभा राहिला. १९८३ च्या सरकारी पाहणीत आढळले, की आग्नेय अमेरिकेतील घातक कचऱ्याच्या चार मोठ्या जागांपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्य वस्त्यांत आहेत. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या वांशिक न्याय आयोगाने देशव्यापी अहवाल काढला. कचऱ्याची जागा कुठे असेल हे उत्पन्नापेक्षाही वंशावरून अधिक कळते, असा त्याचा निष्कर्ष होता.

वर्गातून उभा राहिलेला विषय

या अभ्यासाची एक जुनी मुळी थेट विद्यापीठाच्या वर्गात आहे. १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या एका कृष्णवर्णीय वस्तीजवळ कचऱ्याचे मैदान होणार होते. त्याविरुद्ध रहिवासी न्यायालयात गेले. पुरावा गोळा करण्याचे काम टेक्सास सदर्न विद्यापीठातील समाजशास्त्राचे तरुण प्राध्यापक रॉबर्ट बुलार्ड यांच्याकडे आले. त्यांनी आपल्या संशोधनपद्धतीच्या वर्गातील विद्यार्थ्यांना कामाला लावले. जुन्या नोंदी चाळून, प्रत्यक्ष जागा पाहून नकाशा तयार झाला. शहरात कृष्णवर्णीयांची लोकसंख्या सुमारे २५ टक्के होती. पण पालिकेची पाचही कचरा मैदाने आणि आठपैकी सहा कचरा भट्ट्या त्यांच्याच वस्त्यांत होत्या.

खटला मात्र हरला. भेदभावाचा परिणाम दिसतो, पण हेतू सिद्ध होत नाही, अशी अडचण न्यायालयात उभी राहिली. बुलार्ड यांचे काम पुढे १९९० मध्ये 'डम्पिंग इन डिक्सी' या ग्रंथातून मांडले गेले. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात बनियन ब्रायंट आणि पॉल मोहाई यांनी या विषयावर परिषद भरवली. तिथून हा विषय विद्यापीठांत स्थिरावत गेला.

वर्गात काय शिकवतात?

अभ्यासक्रम विद्यापीठागणिक वेगळा असतो. पण तीन प्रश्न त्याच्या गाभ्याशी आहेत.

पहिला प्रश्न : आधी वस्ती की आधी कचरा? 'जमीन स्वस्त म्हणून गरीब तिथे राहायला आले,' हा युक्तिवाद नेहमी होतो. विद्यार्थ्यांना तो तारखा आणि जनगणनेच्या आकड्यांवर तपासायला लावतात. मोहाई आणि रॉबिन साहा यांच्या २०१५ च्या अभ्यासात दिसले, की घातक कचऱ्याची केंद्रे बहुतांशी आधीपासून गरीब आणि अल्पसंख्याक असलेल्या वस्त्यांतच आणली गेली.

दुसरा प्रश्न : हेतू की परिणाम? १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारी यंत्रणेने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवल्या आणि तिथे घरकर्ज मिळणे दुरापास्त झाले. २०२० मध्ये १०८ शहरांचा अभ्यास झाला. त्यातील बहुतेक शहरांत त्या लाल वस्त्या आजही इतर भागांपेक्षा जास्त तापतात, कारण तिथे झाडे कमी आणि डांबर-सिमेंट जास्त. आज तिथे कोणी द्वेषाने वागत नसले, तरी जुना निर्णय अजून माणसांना भाजतोच आहे.

तिसरा प्रश्न : निर्णय कोणाचा? फ्लिंट या कृष्णवर्णीय बहुसंख्य शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला गेला. पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया झाली नाही आणि शिसे नळातून घराघरांत पोहोचले. लोक तक्रार करत राहिले, पण त्यांचे ऐकले गेले नाही. २०१७ मध्ये मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने या संकटामागे व्यवस्थेत मुरलेला वंशवाद असल्याचे म्हटले.

शिकवताना एक पथ्य पाळावे लागते. वर्गात अशा वस्तीतून आलेला विद्यार्थी असेल, तर तो इतरांसाठी 'नमुना' होता कामा नये. वस्तीला भेट म्हणजे गरिबी पाहण्याची सहल नव्हे. तिथले लोक माहिती पुरवणारे नसून जाणकार आहेत, हे आधी शिकवावे लागते.

हा विषय राजकीय वादळातही सापडतो. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायासाठी काढलेला आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. पाठोपाठ वस्तीनिहाय प्रदूषण दाखवणारे 'ईजेस्क्रीन' हे सरकारी नकाशा-साधनही हटवले गेले. अभ्यासकांनी त्याची माहिती आधीच जतन केली होती, म्हणून वर्ग चालू राहू शकले.

आपल्याकडे हा विषय कुठे आहे?

वंश आणि जात एक नाहीत. पण दोन्ही लढ्यांचे नाते बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

त्याआधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या समान हक्काचा लढा झाला. त्याला आपण सामाजिक समतेचा सत्याग्रह म्हणतो, आणि तो होताच. पण नैसर्गिक साधनांवर हक्क कोणाचा, हा प्रश्नही त्यात होता. पर्यावरण चळवळीच्या इतिहासात महाडचे नाव सहसा येत नाही. मुकुल शर्मा यांनी 'कास्ट अँड नेचर' (२०१७) या ग्रंथात भारतीय पर्यावरण विचारातील जातीबद्दलच्या या मौनाचीच चिकित्सा केली आहे.

जातीचे एक वेगळेपण आहे. ती घाणीची जागा ठरवते आणि घाण उपसणारा माणूसही जन्मावरून ठरवते. हाताने मैला साफ करण्यावर २०१३ चा कायदा बंदी घालतो. तरी गटारात माणसे मरतात, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये करावी लागली. मुंबईचे देवनार डम्पिंग ग्राऊंड १९२७ पासून वापरात आहे. त्याच्या भोवती मुख्यतः गरीब मुस्लिम, दलित आणि स्थलांतरित राहतात. जानेवारी २०१६ च्या आगीचा धूर शहरभर पसरला तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. गोवंडीने तो धूर त्याआधीही सोसला होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय आपल्या शिक्षणात सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी पूर्वी आखलेल्या अभ्यासक्रमात 'सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण' असा घटक होता. त्यात पुनर्वसन होते, पर्यावरणीय नीती होती, पण जात हा स्वतंत्र मुद्दा नव्हता. तरीही पर्यावरण विषयातील प्रकल्पाच्या कामात ही उणीव भरून काढता येते.

कॉलेजातील तरुणांनी पुढील प्रकल्प हाती घ्यावा. तालुक्यातील कचरा डेपो, सांडपाण्याचा नाला, स्मशानभूमी, रासायनिक कारखाने नकाशावर मांडा. २०११ च्या जनगणनेतील गावनिहाय आणि प्रभागनिहाय अनुसूचित जाती-जमातींचे आकडे शेजारी लिहा. प्रत्येक जागा कधी आणि कोणत्या ठरावाने मंजूर झाली, हे माहिती अधिकारात मागवा. वस्तीतील ज्येष्ठांशी बोला. निष्कर्ष आधी ठरवू नका. आकडे काय सांगतात ते पाहा, आणि वस्तीला ते पहिल्यांदा दाखवा.

ह्यूस्टनच्या वर्गाने नकाशा केला तेव्हा खटला हरला, पण पुरावा टिकला आणि त्यावर पुढे चळवळ उभी राहिली. गावकुसाबाहेर ढकललेल्या समाजाला कचऱ्याचा पत्ता पाठ असतो. तो आता कागदावर आणणे हे शिकलेल्या पिढीचे काम आहे.