काबुकी नटांची काष्ठमुद्राचित्रे आणि १८४२ ची बंदी

दरबारी कागदपत्रांना इतिहासाचे साधन म्हणून जे महत्त्व मिळते, ते बाजारात विकल्या गेलेल्या चित्रांना क्वचितच मिळते. जपानमधील काबुकी नटांची काष्ठमुद्राचित्रे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. एडो (आजचे टोकियो) शहरात चित्रकार, लाकूड कोरणारा, छपाई करणारा आणि प्रकाशक यांच्या सहकार्यातून ती तयार होत. ती स्वस्त असल्याने सामान्य नगरवासीयही विकत घेत. सामाजिक उतरंडीत नटाचे स्थान खालचे होते. चित्रांनी मात्र त्याला घरोघरी पोहोचविले.

हीच लोकप्रियता शोगुनशाहीला खुपली. मिझुनो तादाकुनी याने राबविलेल्या तेन्पो सुधारणांत १८४२ मध्ये नट व गणिका यांच्या चित्रांवर बंदी आली. त्याच वर्षी सातवा इचिकावा दांजुरो हा ख्यातनाम नट ऐषारामाच्या आरोपावरून एडोतून हद्दपार झाला. १८४३ मध्ये मिझुनो पदच्युत झाला, तरी निर्बंधांची धास्ती ओसरली नाही.

मागणी मात्र टिकून होती. उतागावा कुनियोशी याने १८४७ च्या सुमारास, कोठाराच्या भिंतीवर कोणी गिरगटावे तशा रेघोट्यांतून नटांचे चेहरे काढले. पोरखेळ भासणाऱ्या या चित्रांतील नाक-हनुवटीवरून जाणकार प्रेक्षक आपला नट ओळखत असे. बंदीनंतरच्या अनेक नटचित्रांत नटाचे नाव छापलेले नसते, ते याच कारणाने. नावाची ही अनुपस्थिती शासनाच्या दडपणाची साक्ष देते, तशीच प्रेक्षकांच्या स्मरणशक्तीवर प्रकाशकांनी टाकलेल्या विश्वासाचीही.