कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही : खालच्या मूत्रवाहिनीतला मुतखडा, तपासणी आणि उपचार

अथाल (सिल्वासा) : आपल्या या पट्ट्यात याला पथरी म्हणतात, तलासरी-डहाणूकडे मुतखडा. नाव कोणतंही घ्या, दुखणं तेच. सिल्वासा-नरोली रस्त्यावरच्या अथालमध्ये आणि आसपास कंपनीत शिफ्टवर काम करणारी बरीच मराठी मंडळी राहतात. मशीनजवळची गरमी, भरपूर घाम आणि पाणी कमी, हे खडा तयार व्हायला पुरेसं कारण आहे. कळ आली की इंजेक्शन घ्यायचं, आराम पडला की दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जायचं, असं अनेक जण करतात. धोका इथेच आहे.

खडा अडकतो कुठे?

किडनीतून मूत्राशयाकडे लघवी आणणारी नळी म्हणजे मूत्रवाहिनी (युरेटर). तिची लांबी साधारण 25 ते 30 सेंटिमीटर, आतली पोकळी मात्र काही मिलिमीटरच. ती तीन ठिकाणी अरुंद असते : किडनीतून निघताना, कमरेच्या हाडाजवळ मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. शेवटची जागा सगळ्यात अरुंद. त्यामुळे वरून सुटलेला खडा अनेकदा तिथेच येऊन बसतो.

लक्षणं

कळ कमरेच्या एका बाजूने सुरू होऊन ओटीपोटात, जांघेत उतरते. पुरुषांना अंडकोषात, स्त्रियांना योनीमार्गाच्या बाजूला दुखतं. माणूस एका जागी बसू शकत नाही, मळमळ-उलटी होते. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की सारखी लघवीला लागते, जळजळ होते आणि थोडी थोडीच होते. म्हणूनच याला कित्येकदा साधं लघवीचं इन्फेक्शन समजलं जातं. उजव्या बाजूला दुखलं तर अपेंडिक्सचा संशय येतो. पाळी चुकलेली असेल तर आधी गर्भधारणेची तपासणी करायलाच हवी, कारण नळीत राहिलेला गर्भही असाच दुखतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

तपासणी

लघवीची तपासणी : रक्ताच्या पेशी आणि इन्फेक्शन दिसतं. पण रक्त सापडलं नाही म्हणून खडा नाही, असं ठरत नाही.

रक्ततपासणी : क्रिएटिनिनवरून किडनीच्या कामाचा अंदाज येतो. एक किडनी चांगली असेल तर दुसरी अडलेली असूनही आकडा नॉर्मल येऊ शकतो.

सोनोग्राफी : पहिली आणि स्वस्त तपासणी. लघवी भरलेली असताना केली तर मूत्राशयाजवळचा खडा नीट दिसतो. किडनीला सूज आहे का तेही कळतं. गरोदर बाईसाठी आधी हीच.

एक्स-रे : युरिक अॅसिडचे खडे यात दिसत नाहीत. ओटीपोटातल्या शिरांमधले चुन्याचे ठिपके खड्यासारखे दिसून फसवतात.

सीटी स्कॅन (केयूबी) : खड्यासाठी रंगाचं इंजेक्शन न देता करतात. जवळपास सर्व प्रकारचे खडे, त्यांची जागा आणि माप यात मिळतं. निदान पक्कं करणारी तपासणी हीच.

उपचार कसा ठरतो?

*खडा लहान असेल तर.* इन्फेक्शन नसेल, किडनी ठीक असेल आणि कळ गोळीने आटोक्यात येत असेल तर 10 मिलिमीटरपर्यंतच्या खड्याला वाट पाहता येते. 5 मिलिमीटरपर्यंतचे तीनपैकी साधारण दोन खडे आपोआप पडतात. 5 ते 10 मिलिमीटरचे जवळपास निम्मे. थांबायची मुदत चार ते सहा आठवडे, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

वेदनेसाठी डायक्लोफेनॅकसारखी औषधं देतात. किडनीचा त्रास किंवा अल्सर असेल तर ती मनाने घेऊ नयेत. टॅमसुलोसिन ही गोळी नळीचा खालचा भाग सैल करते. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या अकराशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात तिचा फायदा दिसला नाही. तरीही 5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या, खालच्या भागातल्या खड्यासाठी डॉक्टर ती देतात. या गोळीने चक्कर येऊ शकते, त्यामुळे मशीनवर, उंचीवर किंवा गाडी चालवण्याचं काम असेल तर आधी सांगावं.

कळ सुरू असताना तांब्यावर तांब्या पाणी प्यायल्याने खडा ढकलला जात नाही, उलट दाब वाढून दुखतं.

*खडा मोठा असेल किंवा हलत नसेल तर.* दुर्बिणीने (यूआरएस) लघवीच्या वाटेने आत जाऊन लेसरने खडा फोडतात. बाहेरून चीर नसते. खालच्या भागातल्या खड्यांत दहापैकी नऊहून अधिक जण यातून मोकळे होतात. बाहेरून लहरी देऊन खडा फोडण्याचा पर्यायही आहे, पण त्याला कधी कधी दोन बैठका लागतात. पोट उघडून करायचं ऑपरेशन आता क्वचितच होतं.

दुर्बिणीनंतर बऱ्याचदा डीजे स्टेंट टाकतात. तो ठरलेल्या तारखेला काढलाच पाहिजे. महिनोन्महिने आत राहिला तर त्याच्यावरच खडा चढतो. गावी जायचं असेल तर तारीख लिहून घ्या.

कळ का थांबते?

वर साचलेल्या लघवीच्या दाबाने कळ येते. अडथळा तसाच राहिला तर ती किडनी हळूहळू लघवी कमी बनवते, दाब उतरतो आणि दुखणं थांबतं. खडा जागेवरच असतो, किडनी मात्र निकामी होत जाते. म्हणून लघवी गाळणीतून गाळा, खडा मिळाला तर तपासायला द्या. मिळाला नाही तर आराम असला तरी पुन्हा सोनोग्राफी किंवा सीटी करा.

लगेच हॉस्पिटल गाठा

थंडी वाजून ताप, लघवी बंद, न थांबणारी उलटी, गोळीलाही न जुमानणारी कळ, किंवा एकच किडनी असेल तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. ताप असताना आधी स्टेंट किंवा पाठीतून नळी टाकून किडनी मोकळी करतात, खडा नंतर काढतात.

जायचं कुठे?

सुरुवात सिल्वासाच्या सरकारी हॉस्पिटलपासून करता येते. पुढे वापी, सुरत किंवा मुंबई. नडियादचं मुळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटल याच आजारांसाठी ओळखलं जातं. आयुष्मान कार्ड राज्य ओलांडूनही योजनेतल्या हॉस्पिटलात चालतं, चौकशी 14555 वर करा. सीटीची फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही सोबत ठेवा, म्हणजे नव्या ठिकाणी पुन्हा खर्च पडत नाही.

खडा पडल्यावरही दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, मीठ कमी करा. दूध-दही बंद करायची गरज नाही. एकदा खडा झालेल्याला पुन्हा होऊ शकतो, म्हणून शिफ्टला जाताना डब्यासोबत पाण्याची बाटलीही घ्या.