बचत गट आणि स्वावलंबन : शासकीय योजनांची वाटचाल

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी केंद्र शासनाने १९७८-७९ साली एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम सुरू केला व २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशातील सर्व विकास गटांत लागू केला. बँकेचे कर्ज आणि शासनाचे अनुदान यांतून कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र अशी साधने मिळत. म्हैस दारी येई. परंतु चारा कोठून आणायचा, दूध कोणाला घालायचे, गुरांचा डॉक्टर किती कोसांवर आहे, याचा विचार फारसा होत नसे. म्हैस विकली गेली आणि कर्ज तेवढे मागे राहिले, असे अनेकांच्या बाबतीत घडले. याचा दोष गरिबांच्याच माथी मारण्यात आला. आम्हांस तो अन्याय वाटतो.

१ एप्रिल १९९९ रोजी हा कार्यक्रम व संलग्न योजना एकत्र करून सुवर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आणण्यात आली. तिने १० ते २० जणांच्या स्वयंसहाय्यता गटावर भर दिला. (नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला होता.) पुढे २०११ साली तिची जागा राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने घेतली, महाराष्ट्रात ते 'उमेद' या नावाने ओळखले जाते.

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड व चोख हिशेब ही गटाची पंचसूत्री होय. कर्ज कोणाला द्यायचे हे भगिनी स्वतःच ठरवितात; बँकही जमीनजुमल्याचे तारण न मागता गटाची वही तपासते. पहिली कर्जे बहुधा आजारपण वा मुलांच्या फीसाठी घेतली जातात. काही अधिकारी याला अनुत्पादक खर्च म्हणतात. सावकाराचे दार टळले, हा लाभ आमच्या मते लहान नव्हे.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात मांडलेले तत्त्व येथे आठवते : लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्या संस्थेने हिरावून घेऊ नये. म्हणूनच धर्मग्रामातील कार्यकर्त्यांनी गटांना हिशेब शिकवावा; मात्र वही सभासदांपैकीच कोणीतरी लिहावी. गट स्थापन करू इच्छिणाऱ्या ग्रामीण भगिनींनी आपल्या पंचायत समितीतील 'उमेद' कक्षाशी संपर्क साधावा.