घोस्ट टाउन

घोस्ट टाउन : इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या ‘द स्पेशल्स’ या गोऱ्या-काळ्या वादकांच्या संमिश्र वृंदाचे स्का शैलीतील निषेधगीत. रचनाकार जेरी डॅमर्स. टू टोन या संस्थेने जून १९८१ मध्ये ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली.

मोटारींच्या कारखानदारीवर पोसलेल्या कॉव्हेंट्रीत १९८० च्या सुमारास कारखाने बंद पडू लागले, हुजूर पक्षाच्या अमलात देशातील बेकारांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली आणि कृष्णवर्णीय व आशियाई रहिवाशांवरील हल्ले वाढले. एप्रिल १९८१ मध्ये तर या शहरात भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याचा वंशद्वेषातून खून झाला. पुढे वांशिक सलोख्यासाठी वृंदाने तेथे जलसा केला. दौऱ्यावर असताना लिव्हरपूलमधील बंद दुकाने आणि ग्लासगोच्या रस्त्यावर घरातील कपबशा विकावयास मांडून बसलेल्या वृद्धा डॅमर्स यांनी पाहिल्या. गीताचा उगम त्यात आहे.

लेमिंग्टन येथील लहानशा ध्वनिमुद्रणगृहात, जॉन कॉलिन्स यांच्या देखरेखीखाली, हे गीत अवघ्या आठ पट्ट्यांवर (ट्रॅक) मुद्रित झाले. स्का मूळची जमेकातील नृत्यशैली; दुय्यम मात्रेवरील आघात तिचा प्राण. येथे तो आघात राखून लय मात्र इतकी मंदावली आहे की, ज्या तालावर पावले थिरकावीत तोच ताल ओस पडलेल्या नृत्यगृहाची जाणीव देतो. टेरी हॉल यांचा भावशून्य स्वर, मध्येच गतकाळाच्या स्मरणाने क्षणभर उजळणारी आणि लगेच काळवंडणारी चाल, आणि या सर्वांवर रिको रॉड्रिग्ज यांचा ट्रॉम्बोन. हाव्हानात जन्मलेल्या, किंग्स्टनमध्ये वाढलेल्या रिको यांनी स्काच्या आरंभीच्या मुद्रणांत वाजविले होते. म्हणून त्यांच्या विलंबित फुंकीत या शैलीचा सारा प्रवास ऐकू येतो. गीताचे खरे सामर्थ्य शब्दांपेक्षा या वादनात आहे.

लंडनमधील ब्रिक्स्टन भागात पोलिसांच्या सरसकट झडत्यांनंतर एप्रिल १९८१ मध्ये दंगल उसळली होती. जुलैत लिव्हरपूलचा टॉक्स्टेथ भाग व इतर अनेक शहरे पेटली, त्याच सुमारास हे गीत ब्रिटिश विक्रीयादीत तीन आठवडे अग्रस्थानी राहिले. ते जुलैतील दंगलींपूर्वीच मुद्रित झाले असल्याने त्यास त्या दंगलींचे वर्णन म्हणणे युक्त नव्हे.

मुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूस वृंदातील लिनव्हल गोल्डिंग यांचे ‘व्हाय?’ हे गीत आहे. त्यांच्यावर झालेल्या वंशद्वेषी हल्ल्यातून ते जन्मले.

१९८१ मध्येच हॉल, गोल्डिंग व नेव्हिल स्टेपल यांनी वृंद सोडून ‘फन बॉय थ्री’ची स्थापना केली.

गीताची चित्रफीत : दिग्दर्शन बार्नी बबल्स; चित्रीकरण लंडन.