शिस्त धरणे : छोट्या पिस्तुलाची आणि डोळ्याची गोष्ट

‘शिस्त’ हा शब्द आपण शाळेत, कवायतीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत वापरतो. फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दाचा एक जुना अर्थ मात्र वेगळा आहे. शिस्त म्हणजे नेम, आणि शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. मोल्सवर्थच्या कोशात हा अर्थ सापडतो. त्याच कोशात ‘माशी’ या शब्दाच्या अर्थांत बंदुकीच्या नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटाही आहे. मागच्या खाचेतून पुढची माशी पाहायची, माशीच्या डोक्यावर लक्ष्य बसवायचे आणि चाप दाबायचा, एवढीच नेमबाजीची बाराखडी. ती गिरवताना मात्र जन्म जातो. आमच्या इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या महूचे नाव या बाराखडीने ऑलिम्पिकपर्यंत नेले. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत तिचा थोडा इतिहास सांगावा, असे आम्हाला वाटले.

ज्या छोट्या काडतुसावर ही क्रीडा उभी आहे, त्याचा जन्म दिवाणखान्यात झाला. १८४५ च्या सुमारास फ्रान्समधल्या लुई-निकोला फ्लोबेर याने तांब्याच्या बारीक टोपीत स्फोटक मसाला भरून तिच्या तोंडाशी शिशाची गोळी बसवली. वेगळी दारू नाहीच. आवाज थोडा, धूर थोडा, त्यामुळे घरातल्या दालनात निशाण लावून खेळायला ती सोयीची ठरली. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने याच कल्पनेवरचे .२२ शॉर्ट काडतूस आणि ते झाडणारे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीचे .२२ लाँग रायफल आले, आणि आजही जगभर नवशिका नेमबाज त्याच काडतुसावर हात बसवतो. .२२ म्हणजे इंचाचे शंभरातले बावीस भाग, सुमारे साडेपाच मिलिमीटर. गोळीचे वजन अडीच ग्रॅमच्या आसपास.

या काडतुसाला रिमफायर म्हणतात, कारण स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात, म्हणजे रिममध्ये, भरलेला असतो. पिस्तुलाची टाचणी तो काठ चेपते आणि ठिणगी पडते. काठ चेपला जावा म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो, पातळ पत्र्याला फार दाब सोसत नाही, म्हणून दारूही बेताचीच. हे त्याचे उणेपण शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडले. मोठ्या पिस्तुलाचा धक्का हाताला बसतो, आणि दहा-वीस बारांनंतर तो बसण्याआधीच मन दचकू लागते. चाप ओढता ओढता मनगट खाली झुकते आणि गोळी निशाणाच्या खाली जाते. .२२ चा धक्का इतका सौम्य की दचकण्याची सवय लागतच नाही, आणि चूक झाली तर तिचे खापर काडतुसावर फोडता येत नाही. शिवाय ते स्वस्त. बोअर युद्धात आपले सैनिक नेमात कमी पडले, हे ब्रिटनच्या ध्यानात आले, तेव्हा १९०१ नंतर लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पाठिंब्याने तिथे छोट्या रायफलींचे क्लब गावोगाव निघाले. त्यांचाही आधार हेच काडतूस होता.

आता नेमाकडे येऊ. आपण लहानपणापासून ऐकत आलो, की अर्जुनाला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसला. पिस्तुलाच्या आखाड्यात अर्जुनाची ही रीत अडचणीची ठरते. डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो, आणि इथे वस्तू तीन आहेत : मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे निशाण. यांतले नेमके काय स्पष्ट पाहायचे?

त्रैराशिक मांडून पाहू. स्पर्धेच्या पिस्तुलात खाच आणि माशी यांच्यात जास्तीत जास्त २२० मिलिमीटर अंतर ठेवता येते. निशाण २५ मीटरवर. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर गोळी निशाणावर सुमारे ११४ मिलिमीटर बाजूला जाते. उलट, माशी खाचेत बरोबर बसलेली असून सगळा हातच सरळ रेषेत एक मिलिमीटर सरकला, तर गोळीही तेवढीच, एकच मिलिमीटर सरकते. अचूक माऱ्याच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे माशीला पाव मिलिमीटरचीही सूट नाही. म्हणून जाणता नेमबाज माशी काठोकाठ स्पष्ट पाहतो आणि निशाण धूसर राहू देतो. नवशिक्याला हे पटत नाही. त्याची नजर पुनःपुन्हा निशाणाकडे धावते, आपली गोळी कुठे लागली ते बघायला, आणि तेवढ्यात माशी खाचेतून सरकलेली असते.

हे सगळे ज्याने डाव्या हाताने नव्याने शिकून दाखवले, त्या हंगेरीच्या कारोय ताकाच याची कथा सांगितल्याशिवाय या खेळाचा इतिहास पुरा होत नाही. १९१० मध्ये जन्मलेला ताकाच हंगेरीच्या सैन्यात सार्जंट होता आणि उत्तम पिस्तूलबाज होता. पण १९३६ च्या ऑलिम्पिक संघात त्याला जागा मिळाली नाही, कारण संघ अधिकाऱ्यांसाठीच राखून ठेवलेला होता. पुढे ती आडकाठी गेली. तेवढ्यात १९३८ मध्ये सरावाच्या वेळी हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला आणि तो हात गेला. एकलव्याने अंगठा दिला आणि गुरूला दिला. ताकाचचा हात कोणी मागितलाही नव्हता. इस्पितळातून बाहेर पडल्यावर त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९३९ मध्ये हंगेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. मग महायुद्ध आले. १९४० आणि १९४४ च्या ऑलिम्पिक स्पर्धा झाल्याच नाहीत.

१९४८ मध्ये लंडनच्या स्पर्धेसाठी तो बिझलीच्या मैदानात उभा राहिला, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. स्पर्धा रॅपिड फायरची. पाच निशाणे, प्रत्येकावर एक गोळी, त्यासाठी आधी आठ, मग सहा, मग चार सेकंद. एक किस्सा नेहमी सांगितला जातो. अर्जेंटिनाचा तेव्हाचा जगज्जेता साएंझ व्हालियंते याने त्याला विचारले, आपण इथे कशासाठी आलात? ताकाच म्हणाला, शिकायला. त्याने ५८० गुणांचा नवा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेतले, आणि ५७१ गुणांवर दुसऱ्या आलेल्या व्हालियंतेने पुरेसे शिकलात, अशी दाद दिली. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्याने ५७९ गुणांनी पदक राखले. एका गुणाने मागे राहून दुसरा आलेला सिलार्ड कुन हा त्याचाच शिष्य होता. शिष्याला इतके जवळ आणून ठेवणारा गुरू आम्हाला त्या पदकापेक्षाही मोठा वाटतो.

हेलसिंकीच्या वेळी ताकाच ४२ वर्षांचा होता. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याची चाळिशी उलटली होती, आणि मराठीने चष्म्यालाच ‘चाळिशी’ हे नाव देऊन ठेवले आहे. या वयात डोळ्याचे भिंग ताठरू लागते. पोथीची अक्षरे जशी पसरतात, तशी हातभर अंतरावरची माशीही धूसर होऊ लागते. यावर नेमबाजांनी दोन उपाय काढले. एक, माशीच्या अंतराला जुळणारे भिंग नेमाच्या डोळ्यासाठी बनवून घेणे. दुसरा, चष्म्यावर बारीक छिद्राची तबकडी लावणे. छिद्रातून पाहिले की जवळचे आणि दूरचे दोन्ही अधिक रेखीव दिसते. मुठीच्या फटीतून दूरची पाटी वाचून पाहा, प्रचीती येईल.

तिसरा उपाय एका खगोल-दुर्बिणी बनवणाऱ्याच्या डोक्यातून आला, आणि इथे या कथेचा धागा पुण्याला येऊन मिळतो. डब्लिनचे सर हॉवर्ड ग्रब यांचा कारखाना जगभरच्या वेधशाळांना दुर्बिणी पुरवत असे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिची २० इंची परावर्तक दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यातली होती, आणि त्या काळी देशातली ती सर्वांत मोठी दुर्बीण मानली जाई. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घ्यायला नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

याच ग्रब यांनी १९०० मध्ये एका नव्या तऱ्हेच्या बंदूक-दर्शकाचे पेटंट घेतले. तीन अंतरांवर एकदम डोळा लावण्याची अडचण त्यांनी दुर्बीण बनवणाऱ्याच्या नजरेने सोडवली. भिंगाच्या केंद्रबिंदूवर एखादी खूण ठेवली, तर तिच्याकडून येणारे किरण भिंगापासून समांतर निघतात आणि खूण अतिदूर असल्यासारखी दिसते. तिचे प्रतिबिंब तिरक्या काचेवर पाडून त्याच काचेतून समोर पाहिले, की खूण आणि लक्ष्य एकाच अंतरावर दिसतात. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी खूण लक्ष्यावरच राहते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हे तत्त्व लढाऊ विमानांत पोहोचले. पिस्तुलावर बसण्याइतके लहान व्हायला मात्र प्रकाश देणाऱ्या डायोडची वाट पाहावी लागली. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेवर चालणारा लाल ठिपक्याचा दर्शक आणला, आणि खाच-माशीचा प्रश्न अनेकांपुरता संपला.

संपला, असे वाटले खरे. ज्या देशांत क्लबच्या सामन्यांत असे दर्शक चालतात, तिथे ते निवडताना लोक काही गोष्टी पाहतात. ठिपक्याचा आकार कोनाच्या मिनिटात मोजतात. एक मिनिट म्हणजे २५ मीटरवर सुमारे सात मिलिमीटर. चार मिनिटांचा ठिपका २९ मिलिमीटर जागा झाकतो, दोन मिनिटांचा साडेचौदा. मोठा ठिपका चटकन सापडतो, लहान ठिपक्याने बारीक नेम साधतो. प्रखरता कमी ठेवावी, नाहीतर ठिपक्याला पिसारा फुटतो. बैठक घट्ट हवी. वजन बेताचे हवे. मोठे दिसणारी दुर्बीण लावायची, तर पिस्तूल हातभर लांब धरल्यावरही जिच्यातून दिसेल अशीच घ्यावी लागते. आणि तिच्यात निशाणाबरोबर हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो.

याच जागी अनेक जण फसतात. ठिपका नाचताना दिसला, की नवशिका तो निशाणाच्या मध्यावरून जाताना ‘पकडायला’ बघतो आणि चाप झटक्यात ओढतो. गोळी भलतीकडे जाते. हात तर खाच-माशीच्या वेळीही तेवढाच हलत होता. आता तो दिसू लागला, एवढेच. तो कंप स्वीकारून चाप हळू आणि सारख्या दाबाने मागे आणणे, हे काम कोणतेही भिंग करून देत नाही.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पिस्तुलावर भिंग किंवा ठिपका चालत नाही. तिथे आजही उघडी खाच आणि उघडी माशी. आमच्या शेजारच्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये सराव केलेले आणि २०१२ मध्ये सुभेदार असलेले विजय कुमार मूळचे हिमाचलचे. २०१२ मध्ये लंडनला, ताकाचने ज्या शहराच्या ऑलिम्पिकमध्ये इतिहास घडवला तिथेच, त्यांनी त्याच रॅपिड फायर प्रकारात रौप्यपदक मिळवले. अंतिम फेरीत चाळीस गोळ्यांपैकी तीस लागल्या. सुवर्ण मिळवणाऱ्या क्यूबाच्या लेउरिस पुपोच्या चौतीस. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले, तेही बरोबरी झाल्यावर दोनदा जादा फैरी झाडून. त्या निर्णायक क्षणीही दोघांच्या डोळ्यांसमोर होती ती लोखंडाची माशीच.

आपल्या घरांतली मुले आता हवेच्या पिस्तुलाने दहा मीटरवर सुरुवात करत आहेत. पालक विचारतात, चांगला दर्शक घेऊन दिला तर लवकर जमेल का? आमचे सांगणे असे, की आधी दोन वर्षे खाच आणि माशीच असू द्यावी. पन्नाशीतल्या काकांनी, जिथे परवानगी असेल तिथे, खुशाल ठिपका लावावा. त्यात कमीपणा नाही, तो चष्म्यासारखाच आहे. मुलांना मात्र आपली चूक माशीत पाहण्याची सवय लागू द्यावी. गोळी भरकटली, की निशाणाकडे न पाहता ‘माशी डावीकडे गेली होती’ असे ज्याला सांगता येते, त्याने शिस्त धरली असे समजावे. जुन्या अर्थाने आणि नव्याही.