इंग्रजीचा अभ्यास आणि इंग्रजीतून अभ्यास

इंग्रजी शिकणे ही एक गोष्ट आहे आणि इंग्रजीतून काही शिकणे ही दुसरी. या दोन गोष्टी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, म्हणून एकीची व्यवस्था लागली की दुसरीची आपोआप लागते, अशी आपली समजूत झाली आहे. कोश कसा पाहावा, धडा मनातल्या मनात कसा वाचावा, वाचलेल्यातले महत्त्वाचे कसे टिपावे, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून व सूचीवरून हवे ते पान कसे काढावे, ही सारी दुसऱ्या बहिणीची कामे. माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या तासाला यांपैकी काय शिकविले गेले, याचा इतिहास पाहू लागले म्हणजे आढळते ते असे, की भाषा शिकविण्यात शे-सव्वाशे वर्षे खर्ची पडली आणि अभ्यास शिकविण्याचे काम मात्र बहुधा नशिबावर सोपविले गेले. ते नशीब कोणाकोणाचे फळले आणि कोणाचे नाही, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची, आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे आपली मॅट्रिक, १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांतही हे दोघे होतेच. या पिढीचे इंग्रजी वाचन पाहून आपण आजही थक्क होतो. परंतु त्यांना ते कसे साधले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्या काळच्या हायस्कुलांतून वरच्या वर्गांना इतिहास, भूगोल, गणित हे विषयही इंग्रजीतूनच शिकावे लागत. मुलांवर तो मोठा जुलूम होता यात शंका नाही. परंतु त्या जुलमाचा एक आनुषंगिक परिणाम असा झाला, की इंग्रजी पुस्तक हे केवळ शब्दार्थ पाठ करण्याचे साधन न राहता त्यातून काहीतरी काढून घ्यावयाचे असते, ही सवय मुलांच्या अंगी लागली. इंग्रजीच्या तासाने जे शिकविले नाही, ते इतिहासाच्या तासाने नकळत शिकविले.

ही सवय सर्वांच्या अंगी लागली असे मात्र नव्हे. जो वरच्या वर्गापर्यंत टिकला, ज्याच्या बिऱ्हाडी दिवा होता आणि शंका विचारावयास कोणी वडीलधारे होते, त्याच्याच ती अंगी लागली. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी तक्रार केली, ती रयतेच्या करातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो, याबद्दलची. शिखरावर पोहोचलेल्यांकडे पाहून आपण शिक्षणाचे मोजमाप करतो. अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांच्या हाती काय लागले, हे मात्र विचारीत नाही. इंग्रजी विद्येला वाघिणीच्या दुधाची उपमा देण्याची आपली जुनी रीत आहे. ते दूध कितींना मिळाले आणि मिळालेल्यांपैकी कितींना पचले, याचा हिशेब त्या उपमेत नाही.

वर्गातली पद्धत काय होती, हे जुन्या पिढीतील कोणासही सांगावे लागत नाही. मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. धडा मोठ्याने वाचावयाचा, शब्दार्थ उतरून घ्यावयाचे, व्याकरण चालवावयाचे, वाक्यपृथक्करण करावयाचे आणि भाषांतर करावयाचे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर कित्येक पिढ्या वाढल्या. या पद्धतीला आज नावे ठेवणे सोपे आहे. परंतु तिच्यात एक गुण होता, तो असा, की ती मुलाच्या मराठीला वर्गाबाहेर उभी करीत नसे. आपल्या भाषेतल्या अर्थाशी ताडून पाहिल्याशिवाय परकी भाषा मनात ठरत नाही, हे ती जाणत होती. तिचा दोष निराळा होता. ती मुलाला एका वाक्यापलीकडे जाऊ देत नसे. चार ओळींवर तासभर घालविणाऱ्या विद्यार्थ्यापुढे चाळीस पानांचे प्रकरण आले म्हणजे त्याला हातपाय गाळावे लागत.

या दुखण्याचे निदान प्रथम नीट केले ते ढाक्यास. तेथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट हे १९१२ साली शिक्षणखात्यात नोकरीस आलेले इंग्रज गृहस्थ होते. बंगालमधील शाळांची पाहणी करून त्यांनी द्वैभाषिकत्वावरील आपला ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : बंगाली मुलाला इंग्रजी हवे कशासाठी? त्यांचे उत्तर असे, की बहुतेकांना ते सर्वांत आधी वाचण्यासाठी हवे, कारण आधुनिक विद्येची पुस्तके त्या भाषेत आहेत. दुसरा मुद्दा त्यांनी विमा कंपनीच्या भाषेत मांडला. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी पॉलिसीला काही ‘सरेंडर व्हॅल्यू’ असते, भरलेला पैसा अगदीच बुडत नाही. शाळेतल्या इंग्रजीचे तसे आहे काय? दोनतीन वर्षे शिकून ज्याने शाळा सोडली, त्याच्या पदरात व्याकरणाचे काही नियम आणि तुटपुंजी वाक्ये पडतात. त्यांचा त्याला पुढे उपयोग होत नाही. परंतु त्या दोनतीन वर्षांत त्याला सोप्या इंग्रजीतले पुस्तक स्वतः वाचता येऊ लागले, तर ती कमाई त्याची राहील आणि पुढे वाढूही शकेल.

या विचारातून वेस्ट यांची नव्या पद्धतीची वाचनमाला तयार झाली. जुन्या क्रमिक पुस्तकांत अनोळखी शब्दांची इतकी दाटी असे, की वाचन न होता ठेचाळणेच होई. वेस्ट यांनी दुर्मीळ, काव्यमय शब्द काढून नेहमीचे शब्द घातले आणि नवे शब्द पुरेशा अंतराने पेरले. मोठ्याने घोकण्याऐवजी मूकवाचनावर भर दिला. कोशाची अडचणही त्यांनी ओळखली होती. आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आणि कँडीच्या परिश्रमाने पुरा झालेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. हे ग्रंथ म्हणजे भाषेची भांडारेच आहेत. पण शाळकरी पोराला बाजारातून आणावयाची भाजी भांडारगृहात शोधावयास लावून कसे चालेल? इंग्रजी-इंग्रजी कोश उघडावा, तर एका अवघड शब्दाचा अर्थ म्हणून दोन अधिक अवघड शब्द पुढे येत. १९३५ साली वेस्ट यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासमवेत जो कोश केला, त्यात अठरा हजार शब्द आणि सहा हजार वाक्प्रचार यांचे अर्थ अवघ्या १४९० शब्दांच्या आत सांगितले आहेत. ज्याला तेवढे शब्द येतात, त्याला बाकीचे सारे दार आपले आपण उघडता यावे, ही त्यामागची दृष्टी. पुढे ए. एस्. हॉर्नबी व त्यांचे सहकारी यांनी जपानी विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश १९४२ साली तोकियोत छापला गेला, आणि १९४८ पासून ऑक्सफर्डच्या नावाने तो जगभर गेला. आपल्या घरोघरी आढळणारा ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश त्याच वंशातला आहे. परक्या भाषेच्या विद्यार्थ्यांसाठीच रचलेले हे कोश ढाका-तोकियोसारख्या ठिकाणच्या वर्गांत जन्मास आले, लंडनच्या विद्वत्सभेत नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वेस्ट यांच्यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. बंगाली मुलाने वाचावे तेवढे पुरे, बोलणे-लिहिणे मागाहून, हे ठरविणारा परका अधिकारी कोण? बोलता-लिहिता येणाऱ्यालाच कचेरीत जागा मिळे, हे मुलाचा बाप जाणत होता. तरीही वेस्ट यांचा विम्याचा प्रश्न आक्षेपाने सुटत नाही. तो उत्तर मागत उभाच राहतो.

अभ्यासाची रीत ही शिकविण्याची गोष्ट आहे, याची साक्ष पुढे अमेरिकेतूनही मिळाली. ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली परिणामकारक अभ्यासावरील आपल्या पुस्तकात पाच पायऱ्या सांगितल्या : प्रकरणावरून आधी नजर फिरवावी, मनाशी प्रश्न काढावेत, त्यांची उत्तरे शोधीत वाचावे, पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगावे आणि शेवटी उजळणी करावी. यात आमचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट ही, की हा उपदेश इंग्रजी हीच ज्यांची घरची भाषा, अशा तरुणांना करावा लागला. भाषा येत असूनही अभ्यास येत नव्हता. मग ज्यांना भाषाही परकी, त्यांना तो आपोआप यावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करीत होतो?

आता स्वातंत्र्यानंतरच्या आपल्याकडील स्थितीकडे वळू. शालेय विषयांचे माध्यम मातृभाषा झाले, हे योग्यच झाले. मुंबई राज्यातील मराठी शाळांतून इंग्रजीचा आरंभ आठवीवर गेला. तेव्हा शाळा अकरावीपर्यंत होती, म्हणजे इंग्रजीला चार वर्षे मिळाली. परंतु याच मुलापुढे महाविद्यालयात विज्ञान व वैद्यक इंग्रजीतूनच उभे होते. पूर्वी जे काम इतिहास-भूगोलाच्या तासांनी नकळत केले, ते आता कोणाकडेच राहिले नाही. माध्यम बदलताना ते काम इंग्रजीच्या तासाकडे सोपवावयास हवे होते, ते कोणी सोपविले नाही. १९५८ साली हैदराबादेस इंग्रजीची मध्यवर्ती संस्था निघाली. मोजक्या वाक्यरचना, मोजके शब्द आणि त्यांचा क्रमवार सराव, ही पद्धत शाळांत आली. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने तर इंग्रजीला ग्रंथालयाची भाषा म्हणून स्थान दिले. पण ग्रंथालयाची भाषा शिकविताना ग्रंथालय वापरावयास शिकवावे, हे वर्गापर्यंत पोहोचले नाही. तो रिकामा कोपरा गाईडांनी आणि अपेक्षित प्रश्नांच्या संचांनी भरून काढला. गाईड म्हणजे दुसऱ्याने करून ठेवलेला अभ्यास. परीक्षेत तो चालतो, पण पॉलिसी मोडावयाची वेळ आली म्हणजे त्याची किंमत शून्य.

दाक्षिणात्य शाळांतून याच्या उलट दिशेचा एक प्रयोग १९७९ ते १९८४ या काळात झाला. एन्. एस्. प्रभू यांच्या पुढाकाराने झालेला हा प्रयोग बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. साध्या शाळांतील मुलांपुढे आगगाडीचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, दिनदर्शिका असे काही ठेवीत आणि त्यावरून प्रश्न सोडवावयास सांगत. ही गाडी चुकली तर पुढची केव्हा? या रस्त्याने गेल्यास अंतर किती? मुलाचे लक्ष भाषेवर नसे, उत्तरावर असे. आणि उत्तर शोधता शोधता भाषा हाताशी येई. त्या प्रयोगाच्या फलितांबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु एक गोष्ट त्याने निर्विवाद दाखविली : इंग्रजी मोडकेतोडके असतानाही त्या भाषेतून विचाराचे काम करता येते. आधी भाषा पुरी होऊ दे, मग अभ्यास, असा क्रम लावून वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. चार वर्षांची दहा वर्षे झाली. शब्दाचा अर्थ आता खिशातला फोन सांगतो, सबंध परिच्छेदाचे भाषांतरही यंत्र करून देते. तेव्हा ही सारी चर्चा जुनी झाली, असे कोणी म्हणेल. आम्हांस उलट वाटते. यंत्राने दिलेल्या पाच अर्थांपैकी या वाक्यात कोणता बसतो, हे मुलालाच ठरवावयाचे आहे. भाषांतर बरोबर की चूक, हे ताडणारी नजरही त्याचीच हवी. अन्यथा फोन हा खिशात मावणारे गाईड ठरेल, इतकेच.

यासाठी फार मोठी योजना नको. आठवड्यातला इंग्रजीचा एक तास भाषेसाठी न ठेवता अभ्यासासाठी ठेवावा. प्रश्न धड्यानंतर न देता आधी द्यावेत आणि मुलांनी मूकवाचन करून उत्तरे शोधावीत. कोश हातात देऊन अर्थाची निवड करावयास लावावी. विज्ञानाचे एखादे सोपे इंग्रजी पान घेऊन त्याचे टिपण मुलाने मराठीत काढावे. परकी भाषा वाचून आपल्या भाषेत टिपणे, यात कमीपणा नाही. समजल्याची ती सर्वांत खरी कसोटी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही जगाचे ज्ञान आपल्या भाषेत आणून गावासमोर ठेवण्यासाठीच.

दहावीला इंग्रजीत अडखळून शाळेबाहेर पडणारा मुलगा आपल्या प्रत्येक आळीत आहे. उद्या त्याच्या हाती मोटारीच्या दुरुस्तीचे इंग्रजी माहितीपत्रक येईल, औषधाच्या बाटलीवरची सूचना येईल, बँकेचा कागद येईल. दहा वर्षे शिकलेल्या इंग्रजीच्या बळावर त्याला त्यातली हवी ती ओळ शोधता यावी, तिचा अर्थ लावता यावा. त्याचे हप्ते आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले असतात. ते बुडू न देणे, एवढे तरी शाळेचे कर्तव्य आहे.