सरफेस ग्राइंडर

सरफेस ग्राइंडर (पृष्ठ शाणन यंत्र) हे वेगाने फिरणाऱ्या अपघर्षक चाकाने धातूचा पृष्ठभाग सपाट व गुळगुळीत करणारे यांत्रिक हत्यार आहे. धार लावण्याच्या दगडाला संस्कृतात 'शाण' म्हणतात. त्यावरून 'शाणन' हा शब्द आला. पाणी दिलेले कठीण पोलादही या यंत्रावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक करता येते.

रचना

घरगुती कार्यशाळेत आडव्या स्पिंडलचे लहान यंत्र सोयीचे ठरते. त्याचे टेबल डावी-उजवीकडे सरकते, तर खोगीर ते मागे-पुढे नेते. टेबलावरील चुंबकीय चक काम धरून ठेवतो. पितळ व ॲल्युमिनियम चुंबकाला धरत नसल्याने ते शेगड्यात बांधावे लागतात.

शाणचाक

चाकावर 'ए ४६ के ५ व्ही' अशी खूण असते. तीत अनुक्रमे कणांचा प्रकार (ॲल्युमिनियम ऑक्साइड), कणांचा आकार, चाकाचा कठीणपणा, कणांमधील मोकळीक आणि बंधाचा प्रकार (काचसदृश) सांगितलेला असतो. कठीण धातूसाठी मऊ चाक निवडतात. कारण बोथट झालेले कण लवकर गळून नवे धारदार कण वर यावे लागतात. २०० मिमी व्यासाचे चाक मिनिटाला २,८०० फेरे घेत असल्यास त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २९ मीटर होतो. त्यामुळे तडा गेलेले चाक फुटल्यास तुकडे प्राणघातक ठरू शकतात.

शिकण्याचा क्रम

१. चाक बसवण्यापूर्वी ते बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकतात. काचबंधाचे निर्दोष चाक खणखणीत वाजते. बद्द आवाज आल्यास ते वापरू नये.

२. चाकावर लिहिलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी नाही, हे पाहतात. कागदी चकत्या घालून चाक बसवल्यावर संरक्षक आवरण लावतात आणि बाजूला उभे राहून ते किमान मिनिटभर रिकामे फिरवतात.

३. हिऱ्याच्या ड्रेसरने चाक साफ करतात. हिरा मध्यरेषेच्या किंचित पुढे, चाक जिकडे दूर जाते त्या बाजूला, १० ते १५ अंश कलता ठेवतात.

४. कामाच्या पृष्ठावर निळा रंग लावून चाक हळूहळू खाली आणतात. पहिली ठिणगी पडते तो सर्वांत उंच भाग होय. तेथून ०.०१ ते ०.०२ मिमीचे काप घेतात. शेवटी चाक आणखी खाली न आणता काही फेऱ्या मारतात.

५. मोजण्यापूर्वी काम थंड होऊ देतात. १०० मिमी लांबीचे पोलाद १० अंश सेल्सिअसने तापल्यास सुमारे ०.०१ मिमी वाढते. नवशिक्याच्या मापातील बऱ्याच चुका येथेच होतात.

वीज व पावसाळा

सुरगाणा (जि. नाशिक) यासारख्या जोरदार पावसाच्या ग्रामीण तालुक्यात दोन गोष्टींचा विचार आवश्यक ठरतो. विद्युतचुंबकीय चकाची पकड वीज जाताच सुटू लागते, पण चाक मात्र गतीमुळे फिरत राहते; अशा वेळी काम उडून अपघात होऊ शकतो. म्हणून घरी कायमचुंबकी चक अधिक सुरक्षित असतो. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा स्विचही बसवावा. दमट हवेत चक व सरकपट्ट्या गंजतात. काम संपल्यावर त्या कोरड्या पुसून तेलाचा पातळ थर देतात.

सुरक्षितता

चष्मा व धूळरोधक मुखपट्टी वापरावी. हातमोजे, सैल बाह्या व उपरणे टाळावे. काम चकावर घट्ट बसले आहे, हे दर वेळी हाताने ढकलून तपासावे. माप घेण्यापूर्वी चाक पूर्ण थांबले पाहिजे.

प्रशिक्षण

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत 'मशिनिस्ट (ग्राइंडर)' हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे. नाशिकजवळच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत साचे, मापपट्ट्या व यंत्रभाग तयार करताना शाणनाचे काम लागते. घरी शिकणाऱ्याने प्रथम जाणकाराच्या देखरेखीखाली चाक बसवणे व ड्रेसिंग यांचा सराव करावा.

हे सुद्धा पहा

• लेथ
• मिलिंग यंत्र
• अपघर्षक
• मायक्रोमीटर